आउटलुकची पीएसटी फाइल १४ वरून ३८ जीबी. मेल मात्र रोजच्याएवढेच

बॅलार्डकरीण

नमस्कार मंडळी. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात मी डॉक्युमेंटेशन बघते. म्हणजे पार्टीकडून इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर माल चढल्याची पावती) मेलवर येणार, आम्ही चेकलिस्ट बनवून परत पाठवणार, पार्टी "ओके" म्हणणार, मग बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सकडचा अर्ज), मग शिपिंग लाइनच्या मागे डीओसाठी, म्हणजे माल सोडायच्या डिलिव्हरी ऑर्डरसाठी मेलामेली. सगळा धंदा मेलवर.

आउटलुक २०१६, विंडोज १०, पॉप अकाउंट, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून मशीनवर घेतले जातात ते. डोमेन आणि मेलबॉक्स एका होस्टिंग कंपनीकडे. पीएसटी फाइल, म्हणजे आउटलुक सगळे मेल ज्यात साठवतो ती, डी ड्राइव्हवर. गणपतीच्या सुट्टीआधी मी एक्स्टर्नल डिस्कवर बॅकअप घेतला होता तेव्हा फाइल १४ जीबी होती. दिवाळीनंतर परत घ्यायला गेले तर ३८! काम तर उलट कमी झालंय, दोन मोठ्या पार्ट्या सुटल्या.

शिपिंग लाइनची न्यूजलेटरं, सेल्सवाल्यांची रेट सर्क्युलरं असला पाला शोधून शोधून डिलीट केला, डिलीटेड आयटम्सही रिकामा केला. फाइल एका एमबीनेही हलली नाही. त्यातली बरीच न्यूजलेटरं मी मागच्याच वर्षी साफ केली होती असं मला पक्कं आठवतंय, पण ऑफिसात कुणाचा विश्वास बसत नाही.

आमचा कॉम्प्युटरवाला मुलगा म्हणतो फॉरमॅट मारू. शेठ म्हणतात मोठी डिस्क टाका आणि विषय संपवा. मला दोन्ही नकोय. आउटलुक उघडायलाच आता चहा पिऊन होतो, डिस्क मोठी करून ते थोडंच थांबणार आहे? आणि सरसकट उडवताही येत नाही. ब्रोकर लायसेन्सिंगच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे रेकॉर्ड किमान पाच वर्षं सांभाळावं लागतं.

कीबोर्ड बहाद्दर

सोप्पं आहे ताई. रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, मॅक्सलार्जफाइलसाइझ नावाची व्हॅल्यू टाका, पीएसटीची मर्यादा १०० जीबी करून ठेवा. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात दोन मशीनवर केलंय, मस्त चाललंय.

पोस्टमास्तर

बहाद्दर, ताईंनी मर्यादा वाढवायला विचारलंच नाहीये. ५० जीबीची मर्यादा अजून लांब आहे. फाइल का फुगली हा प्रश्न आहे. ताप आला म्हणून मोठा थर्मामीटर आणायचा का?

ताई, आधी एक करा. डिलीट करणं थांबवा.

आउटलुकमध्ये मेल उडवला की त्याची जागा फाइलच्या आत रिकामी म्हणून नोंदली जाते. ती जागा लगेच विंडोजला परत मिळत नाही. पुढे नवे मेल आले की त्याच पोकळीत बसतात. मशीन निवांत असेल तेव्हा आउटलुक हळूहळू ही पोकळी आवळतो, पण ऑफिसातलं मशीन सहाला बंद होतं आणि सकाळी उघडल्यापासून मेल सुरू, तेव्हा निवांत असतं कधी? म्हणून तुम्ही पाला काढलात तरी फाइल तेवढीच दिसते. त्यात काही बिघडलेलं नाही.

आता मोजमाप. डावीकडे सगळ्यात वर अकाउंटचं नाव आहे, त्यावर राइट क्लिक करा, डेटा फाइल प्रॉपर्टीज, मग फोल्डर साइझ. प्रत्येक फोल्डरचा आकडा केबीत येईल. बेरीज फाइलच्या आकाराच्या जवळपास असेल तर खरोखरच तेवढे मेल आत आहेत. बेरीज बरीच कमी आली तर आत पोकळी. दोन्हींचे उपाय वेगळे, त्यामुळे हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

शिवाय वेबमेलला लॉगिन करून कोटा किती वापरलाय तो आकडा आणा. आणि गणपती ते दिवाळी या काळात ऑफिसात काय काय बदललं ते आठवा. नवा माणूस, नवा अँटिव्हायरस, होस्टिंगवाल्याचं काही पत्र, काहीही. मागच्या वर्षी उडवलेली न्यूजलेटरं परत दिसली म्हणता ना, त्यावर माझा विश्वास आहे. बहुधा सगळी गोष्ट तिथेच आहे.

पार्ले पूर्व

जीमेल असेल तर ऑल मेल फोल्डर बघा. आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून फोल्डरांसकट दाखवणारी पद्धत) जोडलं की जीमेलचं प्रत्येक लेबल आउटलुकला वेगळा फोल्डर वाटतं, आणि ऑल मेलमध्ये तर सगळंच पुन्हा एकदा असतं. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये लेबल्समध्ये जाऊन ऑल मेलसमोरचं "शो इन आयमॅप" काढून टाकायचं. माझी फाइल निम्म्यावर आली होती.

बॅलार्डकरीण

पार्लेकर, धन्यवाद, पण आमचं जीमेल नाही, पॉप आहे.

पोस्टमास्तर काका, आकडे आणलेत. केबीचे जीबी मी कॅल्क्युलेटरवर केलेत:

इनबॉक्स १९.५, सेंट ४.५, "पार्टी" नावाचा फोल्डर सगळ्या पोटफोल्डरांसकट ११, बाकी किरकोळ अर्धा. बेरीज ३५.५ जीबी. वेबमेलचा कोटा १३ च्या जरा वर.

बदल म्हणाल तर आमच्याकडे नवा मुलगा लागला, हुशार आहे. त्याने नवरात्रात रूल्स बनवून पार्टीप्रमाणे फोल्डर पाडले. कुठल्याही पार्टीचा मेल आला की आपोआप तिच्या फोल्डरमध्ये दिसतो, मला तर फार आवडलं. होस्टिंगवाल्यांचा एक मेल होता, सर्व्हर अपग्रेड होणार, एका शनिवार-रविवारी सेवा विस्कळीत राहील वगैरे. आम्हाला काही करायचं नव्हतं म्हणून मी वाचून सोडला.

आणि हो, त्या सोमवारी मी रजेवर होते. आल्यावर नवा मुलगा म्हणाला, न वाचलेल्या मेलचा आकडा काहीतरी हजारोंत दाखवत होता, बग असेल म्हणून मार्क ऑल ॲज रीड केलं.

पोस्टमास्तर

मिळालं. बग नव्हता ताई, तेवढे मेल खरंच आले होते.

पॉपमध्ये सर्व्हर प्रत्येक मेलला एक वेगळी खूण देतो. ती खूण विचारायच्या कमांडचं नाव यूआयडीएल, पॉप ३ च्या १९९६ सालच्या प्रमाण दस्तऐवजात, आरएफसी १९३९ मध्ये, तिचं वर्णन आहे. तुमच्याकडे "लीव्ह अ कॉपी ऑन द सर्व्हर" वर टिक असणार, नाहीतर वेबमेलचा कोटा १३ जीबी भरला नसता. अशा वेळी आउटलुक खुणांची यादी स्वतःजवळ ठेवतो आणि यादीत नसलेल्या खुणेचेच मेल उतरवतो. होस्टिंगवाल्याने सर्व्हर बदलला, मेल तेच राहिले, पण खुणा नव्या पडल्या. आउटलुकच्या दृष्टीने १३ जीबीचा प्रत्येक मेल नवा, म्हणून त्याने झाडून सगळे परत उतरवले. मेलची तारीख मात्र जुनीच, त्यामुळे ते वरती दिसले नाहीत, आपापल्या २०२१, २०२२ मध्ये जाऊन बसले. कुणाच्या लक्षात येणार? ठळक अक्षरातला न वाचलेल्यांचा आकडा तेवढा सांगत होता, तो तुमच्या हुशार मुलाने पुसला.

तुमची न्यूजलेटरं पण तशीच. तुम्ही आउटलुकमधून उडवली, सर्व्हरवर होतीच. ती परत आली. तेव्हा आठवण तुमची बरोबर आहे, ऑफिसात सांगा.

आता पार्टीचा फोल्डर. माझी पैज आहे की रूलमध्ये "मूव्ह अ कॉपी" निवडलंय. मूव्हमध्ये मेल जागा बदलतो, मूव्ह अ कॉपीमध्ये इनबॉक्सात राहतो आणि दुसरीकडे आणखी एक तयार होतो, अटॅचमेंटसकट. परत उतरलेले १३ जीबी मेल त्या रूल्समधून गेले, पार्ट्यांचे जेवढे होते तेवढ्यांची आणखी एक प्रत पडली. शेवटी "स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स" नसेल तर एकाच मेलमध्ये दोन पार्ट्यांची नावं आली की दोन प्रती.

आता हिशेब बघा. जुने १४, परत उतरलेले १३, रूलच्या प्रती ११. झाले ३८. तुम्ही उडवलेला पाला साधारण अडीच, म्हणून फोल्डरांची बेरीज ३५.५. एवढा चोख हिशेब मला नोकरीत असताना क्वचितच मिळाला.

हिशेबनीस

मध्येच घुसतो, क्षमस्व. गिरगावात सीएच्या ऑफिसात आहे. माझी पीएसटी फक्त ५ जीबी. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा आहे, तरी कॉपी करताना फाइल फार मोठी आहे म्हणून नकार देतो. माझीही फुगली आहे का?

पार्ले पूर्व

नाही हो, पेनड्राइव्ह फॅट३२ असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर बसत नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असला तरी. आतलं सामान दुसरीकडे ठेवा, एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, जाईल. आणि कॉपी करताना आउटलुक बंद ठेवा, चालू असताना फाइल वापरात आहे म्हणून अडतं.

हिशेबनीस

गेली! ऑडिटच्या तोंडावर जीव टांगणीला लागला होता. उपकार झाले.

स्कॅनरवाली माई

निदान झालं ते छानच, पण ताईंच्या मुळातल्या १४ जीबीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. मी मस्जिद बंदरला एका ट्रेडिंग फर्मचं बॅक ऑफिस सांभाळलंय. आमच्याकडे प्रत्येक बीएल ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन व्हायचा, कारण मशीन घेतलं त्या दिवशी कुणीतरी तसं सेट करून ठेवलं होतं. ए४ कागद ६०० डीपीआयला म्हणजे ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, साडेतीन कोटींच्या घरात. रंगीत असेल तर दाबण्याआधी एका पानाचे शंभर एमबीच्या वर होतात. ३०० ला आणलं की चौथाई. काळा-पांढरा २०० ला तर तेच पान अर्ध्या एमबीच्या आत. पीडीएफ करताना हे सगळं दाबलं जातं म्हणून प्रत्यक्षात आकडे लहान दिसतात, पण प्रमाण बरंचसं तसंच राहतं. शिक्का-सही वाचता आली की झालं ना? पार्ट्यांनाही सांगून बघा. अर्ध्या ऐकतात.

आणि फॉरवर्ड करताना अटॅचमेंट परत सोबत जाते, रिप्लायमध्ये नाही जात. आमच्यात एकजण प्रत्येक गोष्टीला फॉरवर्डच मारायचा. सेंट फोल्डर त्यानेच भरला होता.

बॅलार्डकरीण

माई, आत्ता उठून बघितलं. ६०० रंगीत! अख्ख्या बिल्डिंगला एकच माणूस मशीन बसवून देतो वाटतं.

काका, रूल बघितला, "मूव्ह अ कॉपी"च आहे. सर्व्हरवरची टिकही आहे, कारण नवा मुलगा त्याच अकाउंटचे मेल त्याच्या मशीनवर घेतो. आता साफ कसं करू? प्रत्येक मेलची जोडी हाताने शोधायची तर माझी रिटायरमेंट होईल.

कीबोर्ड बहाद्दर

डुप्लिकेट काढायची सॉफ्टवेअरं मिळतात की. नाहीतर स्कॅनपीएसटी चालवा.

पोस्टमास्तर

स्कॅनपीएसटी फाइलची मोडतोड झाली तर दुरुस्तीसाठी आहे. इथे फाइल धडधाकट आहे, आतलं सामान जास्त आहे. आणि पार्टीचे कागद असलेल्या फाइलवर कुठलंतरी फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर सोडायला मी तरी सांगणार नाही.

ताई, नव्या मुलाने सगळं वाचलेलं केलं हे एका अर्थी बरंच झालं. प्रत्येक मेलची एक मॉडिफाइड तारीख असते, शेवटचा फेरफार कधी झाला त्याची. परत उतरलेल्या सगळ्या मेलवर त्या सोमवारचीच तारीख पडली असणार. जुन्या मूळ प्रतींवर त्यांच्या त्यांच्या जुन्या तारखा.

पण आधी आउटलुक बंद करून पीएसटीची प्रत एक्स्टर्नल डिस्कवर. यात सूट नाही. मग रूल्समध्ये कॉपीच्या जागी मूव्ह, शेवटी स्टॉप प्रोसेसिंग. हे आधी केलं नाही तर एकीकडे उपसाल आणि दुसरीकडे भरत राहील.

मग इनबॉक्समध्ये व्ह्यू, ॲड कॉलम्स, तिथे ऑल मेल फील्ड्स निवडून मॉडिफाइड हा कॉलम आणा आणि त्यावर क्लिक करून क्रम लावा. त्या सोमवारचा भला मोठा गठ्ठा एकत्र येईल. त्यातले वेगवेगळ्या वर्षांचे काही मेल घ्या, विषय शोधून बघा, मूळ प्रत इनबॉक्समध्ये वेगळी सापडते का. न्यूजलेटरसारख्यांची सापडणार नाही, कारण मूळ तुम्हीच उडवली होती. कागदपत्रांची सापडलीच पाहिजे. एकाचीही नाही सापडली तर थांबा आणि इथे लिहा.

जुळलं तर त्या गठ्ठ्यातले सर्व्हर बदलल्यानंतर खरोखर आलेले ताजे मेल वगळा. रिसीव्हड तारखेवरून ओळखू येतील. बाकीचा गठ्ठा डिलीट करू नका. न्यू आयटम्स, मोअर आयटम्स, आउटलुक डेटा फाइल, अशी नवी पीएसटी काढा, "बाजूला" असं काहीतरी नाव द्या आणि तिकडे हलवा. एकदम सगळा नको, हजार-दोन हजारच्या घासाने. पार्टी फोल्डरचंही तेच. इनबॉक्समधून परस्पर काही उडवलेलं नाही याची त्या मुलाकडून खात्री करून घ्या आणि पूर्ण फोल्डर "बाजूला"मध्ये टाका. मार्चपर्यंत कुणी काही मागितलं नाही तर ती फाइल काढा.

हे झाल्यावर मूळ फाइलमध्ये वीस-बावीस जीबी पोकळी असेल. आता कॉम्पॅक्ट. फाइल, अकाउंट सेटिंग्ज, परत अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, तुमची फाइल निवडून सेटिंग्ज, कॉम्पॅक्ट नाऊ. एवढ्या फाइलला तासन् तास लागतात आणि काही हालचाल दिसत नाही. अडकलं समजून मशीन बंद करू नका. शुक्रवारी संध्याकाळी लावा. विंडोजची स्लीप बंद करा, नाहीतर रात्री मशीन झोपेल आणि सोमवारी आहे तिथेच सापडेल. तुमच्याकडे बेस्टची वीज सहसा दगा देत नाही, तरी यूपीएस असू द्या.

जाता जाता, म्हाताऱ्याची सवय म्हणून. आउटलुक ९७ ते २००२ पर्यंत पीएसटी २ जीबीला संपायची. ओलांडली की फाइल उघडेचना. मायक्रोसॉफ्टने मग एक हत्यार दिलं होतं, ते फाइलची शेपटी कापायचं, कापलेल्या भागातले मेल गेले ते गेले. २००३ ला नवी बांधणी आली, मर्यादा २० जीबी, २०१० पासून ५०. मर्यादा वाढली तशी लोकांची साठवण वाढली, त्यामुळे फोन मला आजही तेवढेच येतात.

बॅलार्डकरीण

काका, सोमवारचा रिपोर्ट. बरोबर तसाच गठ्ठा निघाला. आमच्या एका जुन्या पार्टीचे बीएल शोधून बघितले, प्रत्येकाचा जुळा भाऊ जागेवर होता. बिल ऑफ एंट्रीच्या कॉप्याही वर्षावर्षाच्या तपासल्या, सगळ्या आहेत. हलवाहलवीत पूर्ण दिवस गेला, शुक्रवारी कॉम्पॅक्ट लावून मशीनवर "हात लावू नये" असा कागद चिकटवून आले. वॉचमनलाही सांगितलं. आज सकाळी फाइल १४.३. आउटलुक चटकन उघडतो, चहा टेबलावर येण्याआधी.

शेठना नवी डिस्क नको म्हटल्यावर त्यांना आनंद झाला, कारण मात्र ऐकून घेतलं नाही.

आता एकच. नवा मुलगा त्याच अकाउंटचे मेल त्याच्या मशीनवर पॉपनेच घेतो म्हटलं ना, तर त्याच्याकडेही हेच झालं असणार ना? त्याची फाइल आत्ता बघितली. ४६ जीबी.

पोस्टमास्तर

झालंच असणार, खुणा दोघांसाठीही बदलल्या. त्याचं आजच घ्या ताई, उद्यावर नको. मर्यादा ५० म्हणतात, पण आउटलुकची इशाऱ्याची रेघ ४७.५ वर आहे, तिथे पोहोचलं की नवे मेल घेणं अडतं. त्याचा रूल तर आत्ता उठून बंद करा.

आणि तुमच्या मशीनवर अकाउंट सेटिंग्ज, चेंज, मोअर सेटिंग्ज, ॲडव्हान्स्डमध्ये जा. सर्व्हरवर प्रत ठेवायच्या टिकेखाली "रिमूव्ह फ्रॉम सर्व्हर आफ्टर" अमुक दिवस असं आहे. तिथे टिक करून ३० घाला. त्याला त्याचे मेल घ्यायला तेवढे दिवस पुरतील, आणि होस्टिंगवाल्याने पुन्हा सर्व्हर बदलला तर परत उतरेल ते एका महिन्याचं. पण लक्षात घ्या, ही टिक लागली की सर्व्हरवरचे जुने १३ जीबी जातील, तेव्हा तो एक्स्टर्नल डिस्कवरचा बॅकअप उघडतो का ते आधी बघा. फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, ओपन आउटलुक डेटा फाइल. नुसती कॉपी झाली म्हणजे उघडते असं नाही.

बॅलार्डकरीण

बॅकअप उघडला, २०२१ चे बीएल दिसतायत. मुलाचा रूल बंद केला, त्याला समोर बसवून गठ्ठा दाखवला. तो म्हणतो, ताई, त्या दिवशी आकडा एकवीस हजार होता, मी स्क्रीनशॉट पण काढलाय. मग तेव्हाच का नाही दाखवलास विचारलं तर म्हणे तुम्ही रजेवर होतात.